मनाचे दुखणे आणि ऐकणारा माणूस

(अभ्यासलेख : आठवी ते दहावीचे विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त यांच्यासाठी)



१० सप्टेंबर हा दिवस २००३ सालापासून जगभर 'आत्महत्या प्रतिबंध दिन' म्हणून पाळला जातो. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १० ऑक्टोबरला, 'जागतिक मानसिक आरोग्य दिन' येतो. या दिवसांच्या निमित्ताने फळ्यावर सुविचार लिहिला जातो, पण विषयावर बोलणे मात्र राहूनच जाते. हा विषय अवघड आहे, मुलांसमोर कसा काढावा, असे मोठ्यांना वाटते. पण मुलांना तो ठाऊक नसतो असे नाही. वर्तमानपत्र त्यांच्याही हाती पडते. म्हणून या अंकात आपण हा विषय धड्यासारखाच, शांतपणे समजून घेऊ.

आधी आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ माणसांचा मृत्यू आत्महत्येने झाला. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला (२२,७४६) आणि कर्नाटक चौथा (१३,६०६) होता. आपले घर कर्नाटकात आणि बोली मराठी, त्यामुळे हे दोन्ही आकडे आपलेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ७ लाख २७ हजार माणसे अशी गेली. १५ ते २९ या वयोगटात मृत्यूच्या कारणांमध्ये हे तिसऱ्या क्रमांकाचे कारण आहे.

आकडे वाचून घाबरायचे नाही. यांतले बरेच मृत्यू टाळता येतात, आणि ते टाळण्यासाठी प्रत्येक वेळी मोठे इस्पितळ लागतेच असे नाही. हे कसे, ते पुढच्या उदाहरणांतून दिसेल.

१. दुखण्याला नाव काय?

ताप आला तर आपण 'ताप आला' म्हणतो. मनाचे दुखणे मात्र आडवळणाने सांगतो. 'जिवाला चैन नाही', 'मनाला लागलंय', 'कशात लक्ष लागत नाही', 'डोकं भणभणतंय', 'छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं'. आपल्या आयाबायांच्या तोंडी ही वाक्ये नेहमीची आहेत. 'नैराश्य' हा शब्द पुस्तकी आहे, तो घरात कोणी वापरत नाही. त्यामुळे डॉक्टरांकडे गेल्यावरही पोटदुखी, डोकेदुखी, थकवा एवढेच सांगितले जाते आणि खरे दुखणे मागे राहते.

ही गोष्ट केवळ आपलीच नाही. आफ्रिकेतील झिम्बाब्वे देशात शोना भाषा बोलतात. तिच्यात 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे. त्याचा अर्थ 'फार विचार करणे'. आपली आजी म्हणते ना, 'इतका विचार करू नकोस, आजारी पडशील', अगदी तसाच. शब्द वेगळा, पण अनुभव एकच.

समर्थ रामदासांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिले आणि आपल्यापैकी अनेकांनी ते लहानपणी पाठ केले. मनाला उपदेश करण्याची सवय आपल्याला आहे, मन आजारी पडू शकते हे मान्य करण्याची मात्र नाही. 'मन घट्ट कर' हा सल्ला चांगल्या भावनेने दिला जातो. पण पाय मोडलेल्याला 'धाव' म्हणून भागत नाही, तसेच हे आहे.

२. हरारेच्या आजी

झिम्बाब्वेची राजधानी हरारे. तेथील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्णाचा २००५ साली आत्महत्येने मृत्यू झाला. तिला इस्पितळात यायचे होते, पण बसभाड्याचे पंधरा डॉलर घरच्यांजवळ नव्हते. सव्वा कोटीच्या आसपास वस्तीच्या त्या देशात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रुग्ण इस्पितळापर्यंत येऊ शकत नसेल तर मदत त्याच्या वस्तीत न्यायला हवी, असे डॉ. चिबांडांच्या मनाने घेतले.

पण नेणार कोण? डॉक्टर नाहीत, परिचारिका कामात बुडालेल्या. उरल्या वस्तीतल्या आजीबाई. २००६ साली हरारेच्या म्बारे भागात चौदा आजींपासून सुरुवात झाली. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक ठेवले. आजी बाकावर बसायच्या आणि येणाऱ्याचे ऐकून घ्यायच्या. सुरुवातीला त्याला 'मानसिक आरोग्य बाक' असे नाव दिले, तर कोणी तेथे बसेना. तेव्हा आजींनीच सुचवले की हे नाव काढा. मग 'मैत्रीचा बाक' हे नाव पडले आणि लोक येऊ लागले.

आजींना शिकवलेल्या पायऱ्या तीन होत्या. पहिली, मन मोकळे होऊ देणे. दुसरी, त्याला उभारी देणे. तिसरी, त्याला बळ देणे. अडचणी दहा असल्या तरी त्यांतली एक निवडायची आणि तिच्यावर पुढच्या भेटीपर्यंत काय करता येईल, ते येणाऱ्यानेच ठरवायचे. आजी उत्तर देत नाहीत, उत्तर शोधायला सोबत करतात. दुखणे फार वाढलेले दिसले की पुढे डॉक्टरांकडे पाठवतात.

याचा उपयोग होतो का, हे तपासले गेले. हरारेतील २४ दवाखाने आणि ५७३ रुग्ण घेऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये नैराश्याची लक्षणे होती. बाकावर बसून बोललेल्यांमध्ये हे प्रमाण शंभरात चौदाच्या आसपास होते.

३. अमेरिकेतील केशकर्तनालय

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाची अडचण थोडी निराळी आहे. तेथे इस्पितळे आहेत, डॉक्टर आहेत, पण विश्वास कमी आहे. त्याला इतिहास आहे. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे टस्कीगी या गावी शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांवर सरकारी खात्याने एक अभ्यास चालवला. त्यांच्या रोगावर औषध निघाल्यानंतरही त्यांना ते दिले नाही आणि खरे कारणही सांगितले नाही. ज्या समाजाच्या वाट्याला हे आले, तो डॉक्टरांपुढे मन उघडे करायला कचरणारच.

मग तो समाज मोकळा कोठे बोलतो? केशकर्तनालयात. तेथे ओळख जुनी असते, घाई नसते आणि वरचढपणाही नसतो. हे ओळखून लोरेन्झो लुईस यांनी २०१६ साली आर्कान्सा राज्यात 'कन्फेस प्रोजेक्ट' हे काम सुरू केले. केस कापणाऱ्या कारागिरांना त्यात शिकवले जाते की गिऱ्हाइकाचे बोलणे कसे ऐकावे, धोका कसा ओळखावा आणि त्याला पुढे कोणाकडे न्यावे. 'पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय?' हे वाक्य तेथेही आहे आणि आपल्याकडेही. ते मोडून काढण्याचे काम खुर्चीमागे उभा राहणारा कारागीर करतो.

४. हरारेहून विदर्भात

हे आफ्रिकेतले आणि अमेरिकेतले झाले. आपल्या मुलखात काय? येथे एक सुंदर दुवा आहे. डॉ. विक्रम पटेल मूळचे मुंबईचे. १९९० च्या दशकात त्यांनी हरारेमध्ये काम केले आणि लोक आपले दुखणे कोणत्या शब्दांत सांगतात याचा अभ्यास केला. भारतात परतल्यावर १९९६ साली गोव्यात 'संगत' ही संस्था सुरू करणाऱ्यांत ते होते. शिकलेला डॉक्टर नसलेला, पण नीट तयारी करून घेतलेला गावातलाच माणूस मनाच्या दुखण्यात मदत करू शकतो, हे या संस्थेने दाखवले.

पुढे हाच विचार विदर्भात गेला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातील आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांना समजावले, समुपदेशकांनी ऐकून घेतले, आणि गरज असेल त्यांना डॉक्टरांकडे नेले. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्वी नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते, ते प्रमाण सत्तावीसवर गेले. मनात आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण शंभरात पाचवरून अडीचवर आले. डॉ. राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास मराठी मुलखातला आहे, म्हणून प्रत्येक मराठी शाळेत तो माहीत असायला हवा.

नाशिक जिल्ह्यातही २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' हा उपक्रम झाला. त्यात गावातलेच काही जण 'आत्मीयता मित्र' झाले. कोण गप्प गप्प आहे, कोणाच्या घरात ताण आहे, हे त्यांनी हेरायचे आणि तयारी करून घेतलेल्या दुसऱ्या गावकऱ्याशी गाठ घालून द्यायची. नंतर हे काम गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात वाढले.

या चारही ठिकाणी एकच सूत्र दिसते. ऐकणारा माणूस ओळखीचा असावा, जवळ असावा, त्याला थोडे शिक्षण दिलेले असावे, आणि आपल्या हाताबाहेरचे काय आहे हे त्याला कळावे.

५. आपले धारवाड

मनाच्या दुखण्याच्या बाबतीत आपले गाव भाग्यवान आहे, पण आपण ते भाग्य मानत नाही. १८४५ सालापासून धारवाडात मनोरुग्णांसाठी इस्पितळ आहे. बेळगाव रस्त्यावरील ही संस्था आज 'डिमहान्स' म्हणून ओळखली जाते. लांबलांबच्या जिल्ह्यांतून लोक येथे उपचारासाठी येतात. आणि आपण? 'याला धारवाडला पाठवायला हवं' हा विनोद सगळ्या उत्तर कर्नाटकात चालतो. धारवाडात राहणारे आपणही त्यावर हसतो. या एका विनोदामुळे किती जण त्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरत असतील, याचा विचार करावा. झोप न येणे, परीक्षेची धास्ती, दारूची सवय, बाळंतपणानंतरची उदासी, ही सगळी दुखणी तेथे दाखवण्याजोगी आहेत. तेथे जाणारा माणूस शहाणा आहे, कारण तो मदत घेतो आहे.

बोलण्याची परंपराही आपल्याकडे आहे. आपल्या सुभाष रोडवर १९३३ पासून चालत आलेली मनोहर ग्रंथमाला आहे. तिच्या माळ्यावर, कन्नडमध्ये ज्याला 'अट्ट' म्हणतात तेथे, जी. बी. जोशी, कीर्तिनाथ कुर्तकोटी, गिरीश कार्नाड असे लेखक बसून तासन्‌तास गप्पा मारीत. कवी द. रा. बेंद्रे तर मराठी बोलणाऱ्या घरातले. त्यांची अनेक अपत्ये अकाली गेली, आणि अपत्याच्या मृत्यूचे दुःख त्यांनी कन्नड कवितेतून बोलून दाखवले. दुःख बोलून दाखवणे हा दुबळेपणा असता, तर एवढ्या थोर माणसाने ते का केले असते?

आणखी एक गोष्ट. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, कलघटगी या भागांत सिद्दी बांधव राहतात. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आले. त्यांची बोली कोकणी-मराठीच्या नात्यातली आहे. म्हणजे आफ्रिका आपल्यापासून फार दूर नाही. वर्गात कोणाला रंगावरून, जातीवरून, केसांवरून चिडवले जाते तेव्हा चिडवणारा विसरून जातो. ऐकणारा मात्र ते घरी घेऊन जातो, रात्री पांघरुणात घेऊन झोपतो. मराठी घरांतही 'मुलगी सावळी आहे' हे सुस्कारा टाकून सांगितले जाते आणि ती मुलगी दाराआडून ऐकत असते. रोजच्या अशा अपमानाने मन झिजते. ते थांबवणे हाही प्रतिबंधाचाच भाग आहे.

६. ओळखावे कसे?

खालील गोष्टींपैकी काही दोन आठवड्यांहून अधिक काळ दिसल्या, तर लक्ष द्यावे :

– झोप किंवा भूक एकदम कमी होणे वा वाढणे.
– आवडता खेळ, गाणे, मित्र यांतून मन उडणे, एकटे राहणे.
– अभ्यासात अचानक घसरण, शाळा बुडवणे.
– चिडचिड, लहानशा गोष्टीवर रडू येणे.
– 'माझा काही उपयोग नाही', 'मी सगळ्यांना भार आहे' असे बोलणे.

आणि खालील गोष्टी दिसल्या तर दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी मोठ्यांना सांगावे :

– मरणाविषयी बोलणे, लिहिणे, किंवा निरोप घेतल्यासारखे वागणे.
– जपून ठेवलेल्या आवडत्या वस्तू इतरांना देऊन टाकणे.
– फार दिवसांच्या उदासीनंतर कारण नसताना एकदम शांत होणे.

'जो बोलतो तो करत नाही' ही समजूत चुकीची आहे. बोलणारा मदतच मागत असतो. 'विचारले तर नसलेला विचार डोक्यात येईल' हीही समजूत खरी नाही. प्रेमाने आणि सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, उलट समोरच्याला हायसे वाटते.

७. काय बोलावे, काय टाळावे?

बोलावे : 'हल्ली तू गप्प असतोस, मला काळजी वाटते.' 'मला सांग, मी ऐकतोय.' 'इतका त्रास होतो तेव्हा जीव द्यावासा वाटतो का?' 'आपण दोघे मिळून बाईंकडे जाऊ.'

टाळावे : 'एवढ्याशा गोष्टीसाठी?' 'आईबाबांचा तरी विचार कर.' 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं.' 'अमक्याकडे बघ, किती सोसलं त्याने.'

मित्रांनो, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मैत्रिणीने वा मित्राने असे काही सांगून 'कोणाला सांगू नकोस' अशी शपथ घातली, तर ती शपथ पाळायची नाही. आई-बाबा, वर्गशिक्षक, आजी, मावशी, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना लगेच सांगा आणि तोवर मित्राला एकटे सोडू नका. रागावला तर रागावू दे. राग जातो, मित्र राहतो. हे ओझे तुम्ही एकट्याने वाहायचे नाही, ते मोठ्यांच्या हाती द्यायचे.

८. पालकांसाठी

एसएसएलसी आणि पीयूसीच्या निकालाचा दिवस अनेक घरांत न्यायालयासारखा असतो. निकालाआधी मुलाला एकदा स्पष्ट सांगा की गुण काहीही असोत, रात्री सगळे एकत्र जेवणार आहोत. २०२४ पासून कर्नाटकात या परीक्षा एकाच वर्षात एकाहून अधिक वेळा देता येतात, हेही मुलाला ठाऊक असू द्या. नातेवाइकांचे फोन त्या दिवशी तुम्ही घ्या, मुलाच्या हाती देऊ नका.

घरातील औषधे आणि शेतीची औषधे कुलपात ठेवा. टोकाचा विचार बहुतेक वेळा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळेत धोक्याची वस्तू हाताशी नसेल तर जीव वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यानंतर त्या देशातील आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात खाली आले, हा त्याचा पुरावा आहे.

९. विश्वस्तांसाठी

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक वा मानसतज्ज्ञ नेमावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावा, शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत आणि चारचौघांत अपमान करू नये, असे त्यांत सांगितले आहे. इमारतीच्या रंगकामाइतकाच हा खर्चही अंदाजपत्रकात यावा. आवारातील झाडाखाली एक बाक आणि मधल्या सुट्टीत तेथे बसणारी, नीट शिकवलेली एक आजी वा निवृत्त बाई, एवढ्यापासूनही सुरुवात होईल. गणेशोत्सव, भजनी मंडळ, हळदीकुंकू अशा ठिकाणी आपली माणसे जमतातच. तेथे वर्षातून एकदा या विषयाची अर्ध्या तासाची माहिती ठेवता येईल.

१०. कायदा काय म्हणतो?

पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, म्हणून घरचे लोक लपवत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते आणि तिची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिले नाही. सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच गुन्हा उरला आहे. म्हणून पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नयेत. बोलतानाही 'आत्महत्या केली' असे गुन्ह्यासारखे न म्हणता 'आत्महत्येने मृत्यू झाला' असे म्हणावे.

लक्षात ठेवायचे क्रमांक

टेलि-मानस : १४४१६ (केंद्र सरकारची १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली सेवा. चोवीस तास, विनामूल्य. कन्नड आणि मराठीतही बोलता येते.)
मुलांसाठी चाइल्डलाइन : १०९८
तातडीच्या वेळी : ११२

हे क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावेत.

स्वाध्याय

१. 'मानसिक आरोग्य बाक' हे नाव बदलायला आजींनी का सांगितले असेल? चार-पाच वाक्यांत लिहा.
२. मनाचे दुखणे सांगणारे तुमच्या घरातील पाच शब्द वा वाक्प्रचार आजी-आजोबांना विचारून लिहा. त्यांना कन्नडमध्ये काय म्हणतात, तेही लिहा.
३. हरारे, आर्कान्सा, अमरावती आणि नाशिक येथील उपक्रमांत कोणते साम्य आहे आणि कोणता फरक आहे? तक्ता करा.
४. जोडीने करा : एकाने दोन मिनिटे आपली अडचण सांगावी, दुसऱ्याने मध्ये न बोलता, सल्ला न देता फक्त ऐकावे. मग अदलाबदल करा. कोणते काम अवघड वाटले, ते वर्गात सांगा.
५. मन मोकळे करावेसे वाटले तर तुम्ही ज्यांच्याकडे जाल अशा तीन मोठ्या माणसांची नावे वहीत लिहा. ही यादी कोणाला दाखवायची नाही. तीन नावे सुचली नाहीत, तर वर्गशिक्षकांना एकट्याने भेटा. ते चौथे विचारणार नाहीत, फक्त ऐकतील.